बडोद्याच्या दप्तरातून राज्यघटनेकडे

सनदशीर राज्यकारभार आणि नागरिकांचे हक्क यांचा इतिहास शिकवताना आपण बहुधा इंग्लंडमधील १२१५ सालच्या सनदेपासून आरंभ करतो, तेथून अमेरिकेच्या १७७६ च्या व फ्रान्सच्या १७८९ च्या जाहीरनाम्यांकडे वळतो आणि मग एकदम २६ नोव्हेंबर १९४९ या दिवशी येऊन पोहोचतो. हा क्रम चुकीचा नाही; परंतु त्यामुळे विद्यार्थ्याच्या मनात असा ग्रह निर्माण होतो की, हक्कांची भाषा आपल्याकडे जहाजाने आली आणि दिल्लीत उतरली. वस्तुतः शिक्षण, विवाह, स्पृश्यास्पृश्य भेद, ग्रामपंचायत यांविषयीची कितीतरी कागदपत्रे देशी संस्थानांच्या दप्तरात त्यापूर्वी अर्धशतक तयार होत होती. त्यांत बडोद्याचे, म्हणजे आजच्या वडोदऱ्याचे, दप्तर विशेष श्रीमंत आहे. मराठी राजघराणे, गुजराती प्रजा आणि शेजारी ब्रिटिश रेसिडेन्सी अशा तिहेरी संबंधांतून हे दप्तर घडले. ते वाचताना हुकूम आणि हक्क यांच्यातील अंतरही स्पष्ट दिसते, आणि या लेखाचा खरा विषय तोच आहे.

गायकवाडांनी ईस्ट इंडिया कंपनीशी १८०२ पासून जे करार केले व १८०५ च्या तहात जे एकत्रित करण्यात आले, त्यांनी राज्याचे परराष्ट्रव्यवहार कंपनीच्या हाती गेले आणि तैनाती फौजेचा खर्च राज्याच्या माथी बसला. हे सर्वांना परिचित आहे. त्याच सुमारास बडोद्यात रूढ असलेली ‘बहांदारी’ ही पद्धती मात्र फारशी परिचित नाही. बहांदारी म्हणजे हमी. राज्याने सावकाराचे कर्ज घेतले किंवा एखाद्या मानकऱ्यास वचन दिले, तर ते पाळले जाईल याची हमी पूर्वी राज्याच्या पदरी असलेले अरब शिबंदीचे जमादार देत. राजाचा शब्द पुरेसा नव्हता. त्यामागे तलवार लागे. अरबांचा बंदोबस्त झाल्यावर ही हमी कंपनीने आपल्याकडे घेतली. दिवाण रावजी आपाजी यांनाही कंपनीने अशीच हमी दिली होती. परिणाम असा झाला की, बडोद्यातील काही निवडक माणसांना आपल्याच राजाविरुद्ध परक्या सत्तेचे संरक्षण मिळाले. यास हक्क म्हणावे काय? संरक्षण होते, लेखही होता. परंतु तो ज्याच्या हाती पडला त्याच्यापुरताच. शेतकऱ्यास किंवा कारागिरास बहांदारी नव्हती.

दुसरा महत्त्वाचा कागद एप्रिल १८७५ मधील जाहीरनामा होय. मल्हारराव गायकवाड यांच्यावर रेसिडेंट कर्नल फेअर यांस विषप्रयोग करविल्याचा आरोप होता. चौकशीसाठी नेमलेल्या मंडळात तीन इंग्रज व तीन भारतीय सभासद होते. शिंदे महाराज, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव या तिघा भारतीयांनी आरोप सिद्ध मानला नाही. इंग्रज सभासदांनी तो मानला. मत असे दुभंगल्यावर हिंदुस्थान सरकारने आरोपाचा निकाल बाजूस ठेवला आणि गैरकारभार व असमर्थता या कारणास्तव मल्हाररावांना पदच्युत केले. येथे एक तत्त्व प्रथमच इतक्या उघडपणे लेखी आले, ते असे की, राजाने राज्य नीट चालविले नाही तर त्याची गादी जाऊ शकते. तत्त्व उत्तम होते. ते अमलात आणण्याचा अधिकार मात्र प्रजेकडे नव्हता, कलकत्त्याकडे होता. प्रजेला कोणीही काहीही विचारले नाही.

खंडेराव महाराजांच्या पत्नी जमनाबाई यांनी २७ मे १८७५ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळराव हा मुलगा दत्तक घेतला. शेतकरी कुटुंबातील हा बारा वर्षांचा मुलगा तोवर शाळेत गेलेला नव्हता. हेच पुढे सयाजीराव तिसरे झाले. इलियट यांच्यासारखे शिक्षक व टी. माधवराव यांच्यासारखे दिवाण त्यांस लाभले आणि २८ डिसेंबर १८८१ रोजी त्यांनी राज्यकारभाराची पूर्ण सूत्रे हाती घेतली. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी ते निवर्तले. या मधल्या सत्तावन्न वर्षांत बडोदे राज्यातून निघालेल्या कायद्यांची नुसती यादी केली तरी हा अंक पुरणार नाही. तेथे कायद्यास ‘निबंध’ असा शब्द रूढ होता आणि निबंध राज्याच्या ‘आज्ञापत्रिके’त प्रसिद्ध होत.

या सर्वांत आपण सक्तीच्या शिक्षणाच्या निबंधाकडे अधिक लक्ष द्यावे, असे वाटते.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचे करावे, अशी मागणी केली होती. ब्रिटिश सरकारने ती मनावर घेतली नाही. सयाजीरावांनी १८९३ साली काठेवाडातील अमरेली महालात, मोजक्या गावांपुरता, सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. अमरेलीची निवड लक्षात घेण्यासारखी आहे. बडोदे राज्य सलग नव्हते. बडोदे, कडी, नवसारी व अमरेली हे त्याचे प्रांत एकमेकांपासून तुटलेले होते. राजधानीपासून दूरच्या, लहानशा भागात आधी अनुभव घ्यावा आणि मगच कायदा सर्वत्र न्यावा, हे प्रशासनाच्या दृष्टीने शहाणपणाचे होते. तेरा वर्षे हा अनुभव घेतल्यावर १९०६ साली निबंध संपूर्ण राज्यास लागू झाला. मुलांसाठी सात ते बारा आणि मुलींसाठी सात ते दहा अशी वयोमर्यादा होती. मुलींचा समावेश आरंभापासून होता, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. तरी दोन वर्षांची तफावतही नजरेआड करू नये.

कायद्याची रचना साधी होती. गावातील शाळायोग्य मुलांची यादी करावयाची, पालकास सूचना द्यावयाची, मूल शाळेत न आल्यास पालकास दंड करावयाचा. आजारपण, शाळेचे दूर अंतर यांसारख्या कारणांस सूट होती. कागदावर हे सोपे दिसते. परंतु ज्या घरात आठ वर्षांचा मुलगा गुरे राखतो, त्या घराला दंड म्हणजे दुहेरी फटका होय. गावच्या शिक्षकालाही हे काम अवघड गेले असणार, कारण ज्याच्या नावे दंडाची नोंद करावयाची तो पालक त्याचाच शेजारी. ज्या शिक्षकांनी आपल्याकडे पटनोंदणीच्या मोहिमेत घरोघर फिरून मुलांची नावे घातली आहेत, त्यांना याची कल्पना सहज येईल.

अंत्यजांसाठी शाळा काढण्यास सयाजीरावांनी कारभाराच्या आरंभीच, १८८० नंतरच्या पहिल्या वर्षांतच, सुरुवात केली होती. तेथे अडचण पैशाची नव्हती. सवर्ण हिंदू शिक्षक त्या शाळांत जाण्यास तयार होत नसत, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. पुढे आर्य समाजाचे पंडित आत्माराम यांच्याकडे या शाळांची देखरेख सोपविण्यात आली. हुकूम राजाचा, खजिना राजाचा, तरी शिक्षक मिळत नव्हता. हक्काच्या मार्गातील खरी अडचण कोठे असते, ते हा एक तपशील सांगून जातो.

बडोद्याच्या उदाहरणाचा आधार घेऊन नामदार गोखले यांनी १९११ साली केंद्रीय कायदे मंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. एक संस्थान जे करू शकते ते साम्राज्य का करू शकत नाही, हा त्यांचा युक्तिवाद बिनतोड होता. तरी मार्च १९१२ मध्ये ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. छत्रपती शाहू महाराजांनी, ज्यांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला होता, १९१७ साली कोल्हापूर संस्थानात सक्तीचे शिक्षण सुरू केले. त्यानंतर १९१८ साली मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने कायदा झाला, तोही नगरपालिकांच्या क्षेत्रापुरता. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४५ मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा राज्याने प्रयत्न करावा, असे सांगितले गेले. हे मार्गदर्शक तत्त्व होते. न्यायालयात मागता येणारा हक्क नव्हे. ती दहा वर्षे १९६० साली संपली. अनुच्छेद २१-क प्रमाणे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरविणारी दुरुस्ती २००२ साली झाली, तीही सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. आणि तिची अंमलबजावणी करणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. अमरेलीपासून येथवर एकशे सतरा वर्षे लागली. या दोन टोकांच्या कागदांत एक मूलभूत फरक आहे. १९०६ च्या निबंधाचा धाक पालकाला होता. २००९ च्या कायद्यात शाळा, शिक्षक आणि वर्गखोली पुरविण्याचे मुख्य उत्तरदायित्व शासनावर व स्थानिक प्राधिकरणावर आहे. मूल तेच, जाब विचारण्याची दिशा उलटली.

सामाजिक निबंधांचा उल्लेख थोडक्यात करू. विधवाविवाहास मान्यता देणारा निबंध विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी झाला; १९०४ च्या बालविवाह प्रतिबंधक निबंधाने मुलीचे किमान वय बारा व मुलाचे सोळा ठरविले; १९१५ च्या निबंधाने पुरोहितांस परीक्षा देणे भाग पाडले; १९३१ मध्ये हिंदू स्त्रीपुरुषांस घटस्फोटाची तरतूद झाली, जी देशभरात १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने झाली; १९३३ मध्ये जातपंचायतीच्या बहिष्काराविरुद्ध निबंध आला. महाराष्ट्र राज्याने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला तो २०१६ साली, हे आठवले म्हणजे १९३३ चे महत्त्व कळते. बालविवाहाच्या बाबतीत मात्र दंड भरून लग्ने उरकण्याची वाट पुष्कळांनी काढली. रूढी खर्चाला भीत नाही.

आता एका खाजगी वाटणाऱ्या कागदाकडे वळू. ४ जून १९१३ रोजी भीमराव रामजी आंबेडकर या बी. ए. झालेल्या तरुणाने बडोदे राज्याशी एक करार केला. राज्याने त्यास अमेरिकेत उच्च शिक्षणासाठी तीन वर्षांची, दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती द्यावी आणि परत आल्यावर त्याने दहा वर्षे राज्याची नोकरी करावी, असा त्याचा आशय होता. या कराराच्या बळावर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून ते १९१७ मध्ये परतले आणि करारानुसार बडोद्यास नोकरीवर रुजू झाले.

त्यांस शहरात राहण्यास जागा मिळेना. अखेर एका पारशी विश्रामगृहात, पारशी नाव नोंदवून, त्यांनी मुक्काम केला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांस बाहेर काढण्यात आले. सरकारी निवासस्थानासाठी केलेली विनंती मंजूर झालेली नव्हती. दोन मित्रांनी, एक हिंदू व एक ख्रिस्ती, आपापल्या अडचणी सांगितल्या. आंबेडकरांनी कामाठी बागेत, म्हणजे आजच्या सयाजी बागेत, काही तास बसून काढले व रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. कार्यालयातही त्यांच्या वाट्यास अपमानच आले होते. येथे दोष कोणाचा, याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. राजा अनुकूल होता. करार कायदेशीर होता. नेमणुकीचा हुकूम झालेला होता. परंतु नेमणुकीचा हुकूम माणसास खुर्ची देऊ शकतो. रात्री डोके टेकण्यास जागा देऊ शकत नाही, जोवर ती नाकारणे हा गुन्हा ठरत नाही. शिवाय निवासाच्या अर्जाची नस्ती ज्याच्या टेबलावर पडून राहते, त्या अधिकाऱ्याचे उत्तरदायित्व त्या काळी कोणत्याही कागदात लिहिलेले नव्हते. अधिकारी वर्गातील वाचकांनी या एका बाबीवर विचार करावा.

राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ मध्ये दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव, रस्ते यांचा नावानिशी उल्लेख आहे, आणि अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट करून तिचे आचरण गुन्हा ठरविले आहे. ही कलमे एका माणसाच्या एका अनुभवातून निर्माण झाली, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. त्यामागे महाड, नाशिक आणि देशभरातील चळवळी आहेत, समितीतील इतर सभासदांचे प्रयत्नही आहेत. तथापि वर्गात अनुच्छेद १५ शिकविताना १९१७ चे बडोदे शेजारी ठेवले, तर हॉटेल हा शब्द घटनेत कशासाठी हवा होता, हे सातवीतील मुलासही समजेल.

राजकीय हक्कांच्या बाबतीत बडोद्याची गती मंद होती. ग्रामपंचायती व स्थानिक मंडळे शतकाच्या पहिल्या दशकात सुरू झाली, तेव्हाच धारासभाही स्थापन झाली. पण ती बव्हंशी सल्ला देणारी होती. शेवटचा शब्द हुजुरांचा. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या प्रजामंडळाने जबाबदार राज्यपद्धतीची मागणी लावून धरली. सयाजीरावांच्या मृत्यूनंतर, प्रतापसिंहराव गादीवर असताना, १९४० च्या कायद्याने धारासभेचा विस्तार झाला आणि लोकनियुक्त सभासदांचे प्रमाण वाढले. उदार राजाच्या काळात जे मिळाले नाही ते त्याच्या पश्चात मिळावे, हे विचित्र वाटेल. पण चांगला राजा आणि प्रजेची सत्ता या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीमुळे दुसरीची निकड कमी भासते, असेही घडते.

संविधान सभेचे काम ९ डिसेंबर १९४६ रोजी सुरू झाले, तेव्हा संस्थानांच्या जागा रिकाम्या होत्या. २८ एप्रिल १९४७ रोजी ज्या मोजक्या संस्थानांचे प्रतिनिधी प्रथम सभेत दाखल झाले, त्यांत बडोदे होते. दिवाण सर ब्रजेंद्रलाल मित्तर यांनी त्यासाठी पुढाकार घेतला. पुढे २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली. तिच्या मूळ सात सभासदांकडे पाहिले तर एक योग सहज नजरेस येतो. अध्यक्ष डॉ. आंबेडकर हे बडोद्याचे शिष्यवृत्तिधारक. कन्हैयालाल मुनशी हे बडोदे कॉलेजचे विद्यार्थी, जेथे अरविंद घोष शिकवीत. आणि मित्तर हे बडोद्याचे दिवाण. मित्तर फार काळ समितीत राहिले नाहीत, त्यांच्या जागी एन. माधवराव आले. बडोद्याचे माजी दिवाण व्ही. टी. कृष्णम्माचारी हे संविधान सभेचे एक उपाध्यक्ष होते. योगायोगावर अधिक भार टाकू नये. तरी चांगल्या प्रशासनाची शाळा जेथे असते तेथून माणसे मिळतात, एवढे म्हणण्यास हरकत नाही.

याच परंपरेतील आणखी एक नाव हंसाबेन मेहता यांचे. बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांच्या त्या कन्या. संविधान सभेत मूलभूत हक्कांच्या उपसमितीवर त्यांनी काम केले आणि राजकुमारी अमृत कौर व मिनू मसानी यांच्यासह, समान नागरी कायद्याची तरतूद केवळ मार्गदर्शक तत्त्व म्हणून ठेवण्यास लेखी असहमती नोंदविली. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर त्या भारताच्या प्रतिनिधी होत्या. जागतिक जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात सर्व ‘पुरुष’ असा अर्थ निघणारा इंग्रजी शब्द होता. तो काढून सर्व ‘मानव’ असा अर्थ देणारा शब्द घालावा, असा आग्रह त्यांनी धरला. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे मंजूर झालेल्या जाहीरनाम्यात हा बदल आहे. एका शब्दाचा हा बदल. परंतु कायद्याच्या मसुद्यात शब्दच सर्व काही असतो, हे मसुदे लिहिणारे कर्मचारी जाणतात. शब्दांची ही काळजी बडोद्यास नवी नव्हती. राज्यकारभारातील संज्ञांचे आठ भाषांतील पर्याय एकत्र देणारा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा कोश तेथे १९३१ सालीच सिद्ध झाला होता. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने पुढे पदनाम कोशाचे काम हाती घेतले, तेव्हा त्या वाटेवर बडोद्याची पावले आधीच उमटलेली होती.

सप्टेंबर १९४८ मध्ये डॉ. जीवराज मेहता यांच्या नेतृत्वाखाली बडोद्यात लोकप्रिय मंत्रिमंडळ आले. हे हंसाबेनचे पती. पुढे १९६० मध्ये तेच गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. २१ मार्च १९४९ च्या करारावर प्रतापसिंहरावांनी स्वाक्षरी केली आणि १ मे १९४९ रोजी बडोदे राज्य मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच्या आदल्या दिवशी, ३० एप्रिलला, महाराजा सयाजीराव विद्यापीठ अस्तित्वात आले व हंसाबेन त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. संस्थानिकांना दिलेल्या तनख्यांची व विशेषाधिकारांची घटनेतील हमी १९७१ च्या सव्विसाव्या दुरुस्तीने संपली. बहांदारीपासून सुरू झालेल्या निवडकांच्या हम्यांपैकी ही शेवटची म्हणावयास हवी.

बडोद्याचे जुने दप्तर वडोदरा येथे गुजरात शासनाच्या अभिलेखागारात जतन केलेले आहे. त्यातील मोठा भाग मोडी लिपीत आहे. राज्याने आपल्या हयातीतच निवडक ऐतिहासिक कागदांचे खंड छापून ठेवले, त्यामुळे बरेच काही मोडी न जाणणाऱ्यासही उपलब्ध आहे. परंतु तालुका कचेऱ्यांतील नोंदी, शाळांच्या याद्या, दंडाच्या वह्या यांसाठी मोडीच लागते. महाराष्ट्रात पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडी लिपीचे प्रशिक्षण दिले जाते. इतिहासाची आवड असलेल्या ग्रामीण शिक्षकांनी ते घ्यावे, आणि बडोद्यास जाणे न जमल्यास आपल्याच शाळेच्या सर्वांत जुन्या सर्वसाधारण नोंदवहीपासून आरंभ करावा. तीत पहिल्या मुलीचे नाव कोणत्या वर्षी आले, पहिल्या दलित विद्यार्थ्याचे केव्हा, आणि शाळा सोडण्याच्या कारणाच्या रकान्यात काय लिहिले आहे, हे पाहण्यास मोडी येत नसली तरी बहुतेक ठिकाणी चालते.